पहिली गोल सांध्यांची बाहुली घेण्यापूर्वी ती प्रत्यक्ष पाहण्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोल सांध्यांच्या संग्राह्य बाहुल्यांना त्यांचे चाहते जगभर ‘बीजेडी’ (बॉल-जॉइंटेड डॉल) म्हणतात. जपानमध्ये कामानिमित्त किंवा पर्यटनासाठी जाणाऱ्या आणि तिथे अशी एखादी बाहुली विकत घेण्याचा विचार करणाऱ्या मराठी वाचकांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. जपानला जाणे शक्य नसलेल्यांसाठीही एक प्रश्न आहे.

बीजेडी म्हणजे नेमके काय? साध्या बाहुलीपेक्षा ती वेगळी कशी?

ही बाहुली सहसा पॉलियुरेथेन रेझिनची असते. डोके, धड, दंड, हात, मांड्या, पोटऱ्या आणि पावले हे भाग वेगवेगळे ओतलेले आणि आतून पोकळ असतात. या पोकळीतून जाड इलॅस्टिक ओवून सगळी बाहुली ताणून बांधलेली असते. मानेपासून धडातून दोन्ही पायांपर्यंत एक फेरा जातो, आणि दोन्ही हातांना जोडणारा दुसरा फेरा छातीतून आडवा जातो. प्रत्येक सांध्यात एका भागाचा गोल दुसऱ्या भागाच्या वाटीत बसतो आणि इलॅस्टिकच्या ताणामुळे दिलेल्या स्थितीत टिकून राहतो. पिंगुळीच्या कळसूत्री बाहुल्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना ही रचना लवकर उमजेल. तिथे दोरी बाहेर असते आणि तिचे टोक कलावंताच्या हातात असते, इथे दोरी अंगाच्या आत दडलेली असते. आपली ठकी मात्र अखंड लाकडाची, तिला सांधेच नाहीत.

आज ज्या रूपात ही बाहुली विकली जाते, त्याची सुरुवात १९९९ मध्ये क्योतोच्या वोल्क्स या कंपनीने ‘सुपर डॉल्फी’ बाजारात आणून केली. वोल्क्स ही मुळात छांदिष्टांसाठी जुळणीचे संच आणि प्रतिकृती बनवणारी कंपनी असल्यामुळे रेझिन ओतण्याचे कसब तिच्याकडे आधीपासून होते. कल्पना त्याहून बरीच जुनी आहे. जर्मन कलावंत हान्स बेलमरने १९३० च्या दशकात गोल सांध्यांची बाहुली घडवली होती आणि १९६० च्या दशकात त्याच्या कामाची छायाचित्रे पाहून सिमोन योत्सुया या जपानी कलावंताने त्या वाटेने जायचे ठरवले. वोल्क्सनंतर कोरियातील आणि पुढे चीनमधील अनेक कंपन्या या क्षेत्रात उतरल्या.

संकेतस्थळांवरची छायाचित्रे इतकी सुस्पष्ट असताना प्रत्यक्ष पाहण्याची गरज काय?

कारण छायाचित्रात चेहरा दिसतो, आणि नवखा माणूस चेहऱ्यावरूनच निवड करतो. चेहरा ही मात्र या बाहुलीतली सर्वांत सहज बदलता येणारी गोष्ट आहे. डोळे काढून दुसरे बसवता येतात, केसांचा टोप बदलता येतो, चेहऱ्यावरचे रंगकाम पुसून नव्याने करता येते. कंपनीच्या छायाचित्रात जी उदास नजर आपल्याला भुरळ घालते, ती पुष्कळदा डोळ्यांच्या मापाची, त्यांच्या बसवण्याच्या कोनाची आणि प्रकाशयोजनेची करामत असते. उलट जे बदलता येत नाही, म्हणजे उंची, वजन, रेझिनचा रंग, हातांच्या पंजांची घडण, बसताना धड कसे झुकते आणि गुडघा किती वळतो, ते छायाचित्रात दिसत नाही किंवा फसवे दिसते.

प्रत्यक्ष पाहायला गेल्यावर बहुतेकांचे मत चेहऱ्याबाबत फारसे बदलत नाही, ते मापाबाबत बदलते. माझेही तसेच झाले. साठ सेंटिमीटरची घ्यायची असे ठरवून मी दुकानात गेले आणि ती समोर उभी राहिल्यावर घरातल्या एकाही फळीवर ती मावणार नाही हे पहिल्या मिनिटात लक्षात आले.

मापे कोणती असतात आणि त्यांतला फरक हातात घेतल्यावर कसा जाणवतो?

ढोबळमानाने तीन मापे प्रचलित आहेत. मोठी, म्हणजे एक-तृतीयांश प्रमाणातली, साधारण ५७ ते ६५ सेंटिमीटर उंच असते आणि काही पुरुष बाहुल्या ७० सेंटिमीटरच्याही पुढे जातात. मधली, एक-चतुर्थांश प्रमाणातली, ४० ते ४५ सेंटिमीटरच्या आसपास असते. छोटी, एक-षष्ठांश प्रमाणातली, सुमारे २६ ते ३० सेंटिमीटरची असते. त्याहून लहान, तळहातावर बसणाऱ्याही असतात.

हे आकडे कागदावर निरुपद्रवी दिसतात. नवजात बाळाची लांबी सुमारे ५० सेंटिमीटर असते, हे आठवले की मोठ्या मापाचा अंदाज येईल. ती बाहुली बाळाहून उंच असते आणि रेझिन भरीव वजनाचे असल्यामुळे तिचे वजन दीड-दोन किलो, मोठ्या पुरुष बाहुलीचे त्याहूनही अधिक भरते. दुकानात ती दोन मिनिटे हातात धरून सुखद वाटते. घरी तिला अंगरखा चढवताना एका हाताने धड आणि दुसऱ्या हाताने बाही सांभाळायची असते, तेव्हा हे वजन मनगटाला कळते. मोठ्या मापाचे सौंदर्य वेगळेच आहे, यात वाद नाही: कपड्यांच्या चुण्या खऱ्यासारख्या पडतात, बोटांची नखे आणि गळ्याखालची हाडे स्पष्ट कोरलेली असतात. तरीही ज्यांना बाहुली घेऊन बाहेर छायाचित्रे काढायची आहेत, कपडे स्वतः शिवायचे आहेत आणि घर दोन खोल्यांचे आहे, त्यांनी मधले माप आधी पाहावे, असे माझे स्पष्ट मत आहे. छोट्या मापाचे कपडे शिवणे सोपे असेल असा समज आढळतो, तो चुकीचा आहे. दोन सेंटिमीटरची बाही उलटवून पाहिली की तो आपोआप दूर होतो.

जपानमध्ये त्या कुठे पाहता येतात?

तोक्योमध्ये सुरुवात अकिहाबारा या भागापासून करावी. वोल्क्सचे दुकान तिथे आहे आणि स्थानकालगतच्या रेडिओ काइकान या इमारतीत आझोन कंपनीच्या लहान, प्लास्टिकच्या बाहुल्या मिळतात. आझोनच्या बाहुल्या या लेखातल्या अर्थाने बीजेडी नव्हेत, परंतु तुलना करण्यासाठी त्या पाहाव्यात. वापरलेल्या बाहुल्या पाहायच्या असतील तर मांदाराके या जुन्या वस्तूंच्या दुकानाच्या शाखा आहेत. नाकानो ब्रॉडवे या व्यापारी संकुलात तिचा पसारा मोठा आहे.

क्योतोला जाणार असाल तर आराशियामा भागात वोल्क्सने उभारलेले ‘तेन्शी नो सातो’, म्हणजे देवदूतांचे गाव, पाहण्यासारखे आहे. ताकेउची सेइहो या चित्रकाराचे हे पूर्वीचे निवासस्थान असून जपानी बागेसह ते जतन केलेले आहे. तिथे जुन्या-नव्या सुपर डॉल्फी एकत्र पाहायला मिळतात. डोके, शरीर, त्वचेचा रंग, डोळे आणि पंजे स्वतः निवडून बाहुली जुळवून घेण्याची ‘फुल चॉइस’ ही पद्धतही वोल्क्सकडे आहे. पहिल्याच खेपेला ती पद्धत वापरू नये असे मला वाटते, कारण इतके पर्याय समोर आले की मनातली मूळ बाहुली हरवून जाते. निघण्यापूर्वी प्रवेशाचे नियम आणि सुट्टीचे दिवस अवश्य तपासावेत.

याशिवाय वोल्क्स १९९९ पासून ‘डॉल्स पार्टी’ हा मेळावा भरवत आली आहे. चाहते त्याला ‘दोरुपा’ म्हणतात. तिथे कंपनीच्या मर्यादित संख्येतल्या बाहुल्या विकल्या जातात आणि शेकडो हौशी कारागीर स्वतः शिवलेले कपडे, पादत्राणे, चष्मे, इवल्या खुर्च्या घेऊन टेबले मांडतात. नवख्याला सर्वाधिक शिकवून जाणारी जागा हीच, कारण येथे बाहुल्या काचेआड नसतात, त्यांच्या मालकांच्या कडेवर असतात. गर्दीची मात्र तयारी ठेवावी.

दुकानात बाहुलीला हात लावता येतो का?

मांडलेल्या बाहुलीला विचारल्याशिवाय नाही. बहुतेक बाहुल्या काचेच्या कपाटात असतात. खरोखर विकत घेण्याचा विचार असल्याचे नम्रपणे सांगितले, तर विक्रेते पुष्कळदा नमुना बाहेर काढून सांधे हलवून दाखवतात. जपानी येत नसेल तर ‘सावात्ते मो ई देस का’, म्हणजे ‘हात लावला तर चालेल का’, एवढे एक वाक्य पाठ करून जावे. नकार मिळाला तर तो खुशीने स्वीकारावा. छायाचित्र काढण्याचीही वेगळी परवानगी घ्यावी लागते.

दुसऱ्याच्या बाहुलीला हाताळताना कोणती काळजी घ्यावी?

आधी हात धुऊन पूर्ण कोरडे करावेत. अंगठ्या, बांगड्या आणि घड्याळ काढून ठेवावे, लांब मंगळसूत्र असेल तर ते पदराआड किंवा कुर्त्याच्या आत घ्यावे. रेझिनवर ओरखडा सहज उठतो. मेंदी, काजळ, हळद यांचा अंश बोटांवर असेल तर बाहुली हातात घेऊच नये, कारण रेझिनवर पडलेला डाग साबणाने निघेलच असे नाही. समोर चहाचा कप असेल तर आधी चहा संपवावा.

चेहऱ्याला कधीही बोट लावू नये. त्यावरचे रंगकाम, ज्याला ‘फेसअप’ म्हणतात, ते खडूच्या भुकटीने, रंगीत पेन्सिलींनी आणि ॲक्रिलिक रंगाने केलेले असते आणि त्यावर फक्त मॅट फवाऱ्याचा पातळ थर असतो. नखाच्या एका ओझरत्या स्पर्शाने भुवईची रेघ जाऊ शकते आणि ती पुन्हा काढून घ्यायला मालकाला बाहुली कारागिराकडे पाठवावी लागते. बाहुली उचलताना एक हात कमरेभोवती आणि दुसरा मानेमागे असावा. केसांना धरून किंवा एका हाताला धरून उचलणे म्हणजे टोप किंवा सांधा निसटण्याला आमंत्रण. मालक स्वतः बाहुली तुमच्या हातात देईपर्यंत थांबणे, ही या मंडळींतली अलिखित रीत आहे. कितीही जवळची मैत्री झाली तरी ती मोडू नये.

बाहुली हातात आली की नेमके काय पाहावे?

प्रथम तिला बसवून पाहावे. चांगली बांधलेली बाहुली खुर्चीच्या कडेवर आधाराशिवाय ताठ बसते. वाईट बांधलेली हळूहळू मागे कलते किंवा तिचा पाय अचानक पुढे उडतो. या झटक्याला चाहते ‘लाथ मारणे’ म्हणतात. इलॅस्टिक फार ताठ असले किंवा सांध्याच्या वाटीत पुरेसे घर्षण नसले की असे होते. हा दोष कायमचा नसतो: सांध्याच्या आत चामड्याचा किंवा सुएडचा पातळ तुकडा चिकटवून तो दुरुस्त करता येतो. त्यामुळे एवढ्यावरून बाहुली नाकारू नये, पण मालकाला त्याविषयी विचारावे. इलॅस्टिक काही वर्षांनी सैल पडते आणि बदलावे लागते; आपल्या उकाड्यात त्यावर अधिक लक्ष ठेवावे.

मग कोपर आणि गुडघा पूर्ण वळवून पाहावा. एकेरी सांध्याचा हात काटकोनाच्या थोडा पुढे जाऊन थांबतो. दुहेरी सांध्याचा हात खांद्यापर्यंत पोहोचतो, म्हणून बाहुलीला गालावर हात ठेवून बसवता येते. त्याची किंमत अशी की दुहेरी सांध्याचे कोपर सरळ ठेवल्यावर काहीसे तुटक दिसते. छायाचित्रांत ते बाहीने झाकलेले असते, म्हणून प्रत्यक्षात उघडे पाहावे आणि आपल्याला ते खटकते का, हे स्वतःलाच विचारावे.

यानंतर मालकाची परवानगी असेल तर डोके उघडून पाहावे. मागची कवटी बहुधा चुंबकांनी चिकटलेली असते. आत डोळे पुटीने, म्हणजे मऊ चिकट लगद्याने, बसवलेले दिसतात आणि मानेपाशी इलॅस्टिक अडकवलेला हुक दिसतो. काहींना हे दृश्य अंगावर काटा आणणारे वाटते. तसे वाटत असेल तर ते आत्ताच कळलेले बरे, कारण डोळे बदलणे आणि इलॅस्टिक ओवणे ही कामे मालकालाच करावी लागतात.

शेवटी दोन पावले मागे जाऊन डावीकडून उजवीकडे चालावे आणि तिच्या डोळ्यांत पाहावे. काही डोळ्यांमध्ये बुबुळ आत खोलगट बसवलेले असते. त्यामुळे आपण हललो की नजर आपल्या मागे येते असा भास होतो. छायाचित्रात हे कधीच कळत नाही. पुष्कळांना त्या क्षणी बाहुली आपली वाटू लागते. माझ्या एका मैत्रिणीने मात्र त्याच क्षणी बाहुली न घेण्याचे ठरवले.

त्वचेचा रंग छायाचित्रापेक्षा वेगळा का दिसतो?

प्रत्येक कंपनीचा ‘नॉर्मल’ रंग वेगळा असतो: कुणाचा गुलाबी झाकेचा, कुणाचा पिवळसर, कुणाचा पीचच्या फळासारखा. एकाच कंपनीच्या दोन घाण्यांतही थोडा फरक पडतो. म्हणून दोन कंपन्यांचे डोके आणि शरीर एकत्र जोडण्याचा बेत असेल, तर दोन्ही रंग दिवसाच्या प्रकाशात शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय पैसे भरू नयेत. दुकानातला पांढरा दिवा फसवतो.

रेझिन काळानुसार पिवळे पडते आणि सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांनी हे लवकर होते. हे टाळता येत नाही, लांबवता येते. म्हणून संधी मिळाल्यास पाच-दहा वर्षे जुनी बाहुली मुद्दाम पाहावी. आपली बाहुली पुढे कशी दिसेल याचा तोच खरा नमुना. गडद सावळा रंग अनेक भारतीय खरेदीदारांना आपला वाटतो, आणि तो अप्रतिम दिसतोही, परंतु त्यावरचे ओरखडे पांढरट उठून दिसतात आणि रंगाचे ढग किंवा पट्टे अधिक आढळतात. हेही प्रत्यक्षच पाहावे.

जपानला जाणे शक्य नाही. भारतात राहून काय करावे?

ज्यांच्याकडे अशी बाहुली आहे अशा व्यक्तीशी ओळख झाल्यास भेटीची विनंती करावी, मात्र पहिली भेट कॅफेसारख्या सार्वजनिक जागी ठरवावी आणि विनंती करताना बाहुलीचे माप व कंपनी यांविषयी आधी थोडे वाचलेले असावे. दिल्लीचे शंकर्स आंतरराष्ट्रीय बाहुली संग्रहालय अनेकांना आठवते. ते देशोदेशींच्या वेशभूषेतल्या बाहुल्यांसाठी जरूर पाहावे, पण या निर्णयात त्याची मदत होणार नाही.

घरच्या घरी एक प्रयोग करता येतो. जाड पुठ्ठ्यावर इच्छित उंचीची मानवाकृती कापावी, तिच्या पाठीला दोन किलो तांदळाची पिशवी बांधावी आणि आठवडाभर ती घरात वावरू द्यावी. ती कुठे बसेल, मुंबईच्या पावसाळी दमटपणात तिचे कपडे कुठे राहतील, पाहुणे आल्यावर तिला कुठे हलवायचे, ऊन कोणत्या खिडकीतून येते, हे सगळे प्रश्न त्या आठवड्यात सुटतात. घरची मंडळी काय म्हणतात, तेही समजते. प्रयोग हास्यास्पद वाटेल, परंतु तीन आकडे वाचून बाहुली मागवण्यापेक्षा तो बराच शहाणपणाचा आहे. डोळ्यांना प्रत्यक्ष पाहण्याची सर मात्र त्याने येत नाही.

‘ओमुकाए’ हा शब्द सारखा कानावर येतो. त्याचा अर्थ काय?

जपानी चाहते बाहुली ‘विकत घेतली’ असे सहसा म्हणत नाहीत. ‘ओमुकाए’ म्हणजे सामोरे जाऊन घरी आणणे, स्वागत करणे. आपल्याकडे गौरी आणतात, विकत घेत नाहीत, तसाच काहीसा भाव त्यात आहे. शब्द गोड असला तरी विक्रेत्याच्या तोंडून तो ऐकताना आपल्या खिशाचे भान सोडू नये.

नकली बाहुली प्रत्यक्ष पाहून ओळखता येते का?

नवख्याला बहुधा येत नाही. मूळ बाहुलीवरून साचा काढून ओतलेल्या नकलेला ‘रीकास्ट’ म्हणतात. तिच्यात बारकावे किंचित बोथट होतात आणि माप थोडे आक्रसते, परंतु हा फरक दोन्ही शेजारी ठेवल्यावरच लक्षात येतो. त्यामुळे डोळ्यांवर विसंबण्याऐवजी कंपनीचे प्रमाणपत्र, मूळ खोका आणि खरेदीची पावती पाहावी. किंमत नव्या बाहुलीच्या एक-तृतीयांश असेल तर कारण विचारावे. नकलेतून मूळ शिल्पकाराला एक पैसाही मिळत नाही. म्हणूनच पुष्कळ मेळाव्यांत आणि गटांत रीकास्ट आणण्यास मनाई असते. कमी पैशांतच घ्यायची असेल तर चिनी कंपन्यांच्या स्वतःच्या घडणीच्या मधल्या मापाच्या बाहुल्या हा प्रामाणिक पर्याय आहे.

रेझिन सोडून दुसरा पर्याय पाहावा का?

पाहावा. वोल्क्सचीच ‘डॉल्फी ड्रीम’ ही मालिका विनाइलची असून तिच्या आत इलॅस्टिकऐवजी सांगाडा असतो. ती तुलनेने हलकी असते, पडली तर तडा जाण्याची भीती कमी असते. चेहरेपट्टी मात्र ॲनिमेच्या, म्हणजे जपानी ॲनिमेशनपटांच्या, वळणाची आहे. गडद कपड्यांचा रंग विनाइलला फार चटकन लागतो. दुकानात दोन्ही पाहिल्यावर रेझिनसाठी आलेला माणूस विनाइल घेऊन जातो, असेही घडते.

लहान मुलीसाठी घ्यावी का?

नाही. चुंबक, सुटे डोळे, जड रेझिन आणि सहज बिघडणारे रंगकाम पाहता ती खेळणे नव्हे. किशोरवयीन मुलामुलींना मोठ्यांच्या सोबतीने हाताळू द्यावी.

जपानमध्ये घेतली तर घरी आणताना काय लक्षात ठेवावे?

पर्यटकांसाठीच्या करसवलतीकरता दुकानात पासपोर्ट दाखवावा लागतो. तेथील उपभोग कर १० टक्के असल्यामुळे बचत लक्षणीय होते. भारतात उतरल्यावर मात्र किंमत शुल्कमुक्त मर्यादेपलीकडे गेली असेल तर ती जाहीर करून सीमाशुल्क भरावे लागते, म्हणून पावती हाताशी ठेवावी आणि प्रवासाआधी चालू नियम पाहावेत.

बाहुली चेक-इन सामानात देऊ नये. टोप काढून वेगळा ठेवावा, चेहऱ्यावर कंपनीने दिलेला संरक्षक मुखवटा बसवावा. तो नसेल तर स्वच्छ पांढरे मऊ कापड बांधावे, रंगीत नको. सांध्यांमध्ये फोम भरून ती हातातल्या बॅगेत आडवी ठेवावी. सुरक्षा तपासणीच्या पडद्यावर एक लहानशी मानवाकृती उमटते आणि अधिकारी बॅग उघडायला सांगतात. अशा वेळी घाई न करता आपणच ती उलगडून दाखवावी आणि चेहऱ्याला हात न लावण्याची विनंती करावी. उलगडायला आणि पुन्हा बांधायला वीसेक मिनिटे सहज जातात, तेवढा वेळ हाताशी ठेवूनच विमानतळावर पोहोचावे.